धुरपाची गाठ

एक होती राणी. राजापण होता, पण त्याचं नंतर. आधी राणीचं. पाय आत घ्या सगळ्यांनी, गोधडी ओढा. मधे कुणी बोलायचं नाही, आणि गोष्ट वाईट वळणाला लागली की रडायचं नाही. आधीच सांगून ठेवते, ही गोष्ट वाईट वळणाला लागते.

तर राणीचं नाव चिमा. तळकोटच्या राजाला दिलेली. तळकोट म्हणजे नुसता दगड. गड दगडाचा, वाटा दगडाच्या, आणि माणसं कशी, ते पुढं कळेलच. राजवाड्याला दारं दोन. पुढचं दार मोठं, हत्ती आत जाईल असं. मागचं दार न्हाणीपाशी, एवढंसं, वाकून जावं लागायचं. त्या मागच्या दारानं एकच माणूस येणार, एकच जाणार. दुसऱ्या कुणी त्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही. त्यामुळं तिथं पहाराही नसायचा. पहारेकऱ्यानं तरी तिथं कसं उभं राहायचं?

ते एक माणूस म्हणजे धुरपा. वेशीबाहेर राहायची. म्हातारी, काळी, हडकुळी, आणि तोंडाची फाटकी. सुईणीचं काम करायची. आता तुम्ही विचाराल तिची जात कुठली. ती मी सांगणार नाही. सांगितली की तुम्ही तेवढीच लक्षात ठेवाल आणि बाकीची गोष्ट विसराल. माणसं असंच करतात.

तळकोटातलं झाडून सगळं माणूस धुरपाच्या हातावर जन्माला आलं होतं. शिपाई, वाणी, राजवैद्य, खुद्द राजा. आईच्या पोटातून बाहेर आल्यावर पहिला हात लागला तो तिचा. पण रीत कशी, बरं का. बाळ बाहेर येईस्तोवर तिचा हात चालायचा. बाळ रडलं, नाळ कापली की त्या क्षणापासून चालायचा नाही. सुपातलं धान्य वरून तिच्या ओटीत टाकायचे, मागच्या दारानं घालवायचे, आणि बाळाला धुवायचे. गोमूत्रानं धुवायचे, मग सोनं बुडवलेल्या पाण्यानं. तिचा हात धुऊन काढायचा ना. पुढं तीच बाळं मोठी व्हायची आणि वाटेत धुरपा दिसली की तिची सावली चुकवून चालायची.

राजेरजवाड्यांत धुणं जोरात, गरिबाघरी तांब्याभर. पण धुवायचे सगळे.

मग काय झालं, चिमाराणीला दिवस गेले. भरले. पहाटे कळा सुरू झाल्या त्या दुपार कलली तरी थांबेनात. राणी अडली होती. राजवैद्य पडद्याबाहेर उभा राहून आतल्या बायकांना काय काय सांगत होता आणि आतल्या बायका रडत होत्या. चिमाचे डोळे फिरायला लागले. तेव्हा तिची सासू, थोरल्या आईसाहेब, त्या म्हणाल्या, बोलवा तिला. नाव नाही घेतलं. तिला म्हणाल्या.

धुरपा मागच्या दारानं वाकून आत आली. तिनं पडदा ओढला, बायकांना हाकललं, कोनाड्यातला वरवंटा उचलून सुंठ ठेचली आणि राणीच्या तोंडात कोंबली. मग राणीचे दोन्ही हात उचलून स्वतःच्या गळ्यात टाकले.

"धर माझी मान. मोडली तरी चालेल, सोडू नको."

चिमानं धरली. सबंध जगात तेवढी एक मान होती तिला धरायला. आई माहेरी, नवरा दिवाणखान्यात. त्या म्हातारीच्या घामाचा वास, धुराचा वास नाकात घेत ती ओरडत राहिली, आणि मुलगी झाली.

मुलगी निळी. हूं नाही की चूं नाही. धुरपानं तिला उलटी केली, पाठ चोळली, तोंडात तोंड घालून वारा घातला. दोन तळव्यांत धरून अशी घासली, जशी थंडीत आपण हात घासतो. त्या हातांची ऊब पोरीच्या अंगात भरली आणि पोर रडली. मग धुरपानं नाळ कापली, गाठ मारली. गाठ मारताना ती नेहमी एकच बोलायची, "सुटू नको गं बाई."

आता ऐका. इथं नीट ऐका. दुखणं थांबलं तसे चिमाचे हात त्या गळ्यातून सुटले. आणि सुटल्यावर तिनं काय केलं? ते हात पदराला पुसले.

धुरपानं ते पाहिलं. बाहेर जाऊन ओटी पुढं केली, वरून धान्य पडलं, आणि ती मागच्या दारानं गेली. तिनं हात लावलेला तो वरवंटा एका दासीनं चिमट्यात धरून न्हाणीच्या मोरीबाहेर फेकून दिला.

मग आईसाहेबांनी घंगाळ आणवलं. नातीला मांडीवर घेतलं आणि धुतलं. प्रेमानं धुतलं, बरं का. त्या काही राक्षसीण नव्हत्या. नातीवर जीव होता त्यांचा. धुताना अंगाई म्हणत होत्या. पाणी मोरीतून वाहत बाहेर गेलं.

दुसऱ्या दिवशी चिमानं पोरीला पाजायला घेतलं तर पावलं गार. गार म्हणजे कशी? नदीतला गोटा असतो ना, तशी. तिनं बोटांनी दाबलं. दबेना. गुडघ्यापर्यंत पोर दगडाची झाली होती.

चिमा किंचाळली तशी सगळी धावली. आईसाहेबांनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाल्या, हा त्या बाईचा विटाळ. नीट धुतला गेला नाही. पुन्हा धुवायला हवं.

राजवैद्याला बोलावलं. त्यानं पोरीच्या सगळ्या अंगावरून हात फिरवला. पाय गार, मांड्या निवत चाललेल्या, पोट कोमट. एकच जागा चांगली ऊन होती, निखाऱ्यावरची राख असते तशी. बेंबी. जिथं धुरपानं गाठ मारली होती ती.

आता कुणाही शहाण्या माणसाला काय वाटेल? वाटेल की बाई, इथं जीव आहे, इथून काहीतरी सापडेल. पण वैद्याच्या मनात आधीच उत्तर तयार होतं. उत्तर तयार असलं की माणूस डोळ्यांनी बघत नाही, मनानं बघतो. तो म्हणाला, सगळं विष बेंबीत साठलंय. म्हणून ती तापली आहे. तिथंच घासा.

मग घासलं. राख लावून, नारळाच्या शेंडीनं घासलं. बेंबी लाल झाली, पण गाठ काही सुटली नाही. पाणी मोरीतून वाहत बाहेर गेलं.

पोर कमरेपर्यंत दगड झाली.

बाळंतिणीच्या खोलीला एक झरोका होता, न्हाणीमागच्या परसाकडं उघडणारा. चिमा दिवसभर खाटेवर पडून त्यातून बघायची, दुसरं काय करणार. मोरीच्या तोंडाशी एक केळ होती, वाळून कोळ झालेली. पहिल्या धुण्यानंतर तिला हिरवा कोंब फुटला होता. चिमानं पाहिलं आणि सोडून दिलं. पाण्याजवळ केळ वाढतेच. दुसऱ्या धुण्यानंतर मोरीच्या पलीकडचं शेवग्याचं खोड, जळणासाठी तोडून ठेवलेलं, नुसतं खोड, ते फुलांनी भरलं. खोडाला मूळ नाही, माती नाही. तरी फुललं.

चिमानं सासूला दाखवलं. आईसाहेब म्हणाल्या, सोन्याच्या पाण्याचा गुण.

बघा म्हणजे. फुललं तर सोन्याचा गुण, वाळलं तर धुरपाचा दोष. असा हिशोब एकदा डोक्यात बसला की त्यात कधी चूक निघत नाही.

मग राजा चिडला. आता त्याचं सांगते. राजा तसा वाईट नव्हता. प्रजेला पोटाला घालायचा, चोराला पकडायचा. पण लेक डोळ्यांसमोर दगड होत चालली, आणि कुणावर तरी चिडायला हवं होतं. आईवर चिडता येत नाही, वैद्यावर चिडता येत नाही, देवावर तर नाहीच. मग उरतं कोण? जे वेशीबाहेर असतं ते. राजा म्हणाला, त्या बाईचं खोपट जाळा. आणि ज्या हातांनी माझी लेक बाटवली ते हात राहता कामा नयेत.

गडाच्या पायथ्याशी चुन्याची भट्टी होती. चुना विझवताना कसा उकळतो माहीत आहे ना? रटरट रटरट. शिपायांनी धुरपाला तिथं आणलं. तिला हातांनी धरलं नाही त्यांनी. काठ्यांनी रेटलं, काठ्यांनी दाबलं. हातानं धरलं असतं तर विटाळ झाला असता. धुरपानं त्यातल्या एकाकडं वर बघितलं आणि म्हणाली, "तू पायाळू होतास रे. तुझ्या आईला दोन दिवस लागले."

त्या शिपायानं तोंड फिरवलं. काठी मात्र सोडली नाही.

तिथं आणखी काय झालं ते मी सांगणार नाही. वेशीतून लोक बघत होते. सगळे तिच्या हातावर जन्मलेले. एकजण पुढं झाला नाही. प्रत्येकाला वाटलं, आपण एकट्यानं कसं बोलायचं? आणि सगळ्यांच्या मनात आतून असंही होतं की काहीतरी केलं असेल तिनं. उगाच कोण कुणाचे हात जाळतं? असं म्हणतात, बरं का, लोक. उगाच कोण जाळतं.

राजवाड्यात ही बातमी दासीनं हळूच सांगितली तेव्हा चिमा पोरीला पाजत होती. पोरीचं अर्धं अंग मांडीवर जातं ठेवावं तसं जड. चिमाच्या गळ्याशी आलं की हे थांबवा. पण ते गळ्याशीच राहिलं. तिच्याही मनात एक बारीक कीड होती. खरंच त्या बाईच्या हातात काही असलं तर? ती गप्प बसली.

ती गप्प बसली म्हणून तिसरं धुणं झालं.

ते झालं बारशाच्या दिवशी. बारसं टाळायचं नाही, लोक काय म्हणतील, असं आईसाहेबांचं म्हणणं. पाळणा सजला. गावच्या बायका नटून आल्या. आधी पोरीला धुतलं, पाच सवाष्णींनी पाच घंगाळं ओतली. पाणी मोरीतून वाहत बाहेर गेलं. पोर गळ्यापर्यंत दगड झाली. डोळे आणि ओठ तेवढे हलत होते. रडायला तोंड उघडायची आणि आवाज यायचा नाही.

तरी बायकांनी तिला पाळण्यात ठेवलं. बारशाला वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याखालून देतात-घेतात, मग बाळाशेजारी निजवतात, तुम्ही पाहिलंय ना? तसा नवा कोरा वरवंटा आणला, टोपडं घातलं, शेजारी ठेवला. चिमानं पाळण्यात हात घातला. एकीकडं वरवंटा, एकीकडं लेक. दोन्ही सारखीच गार. हाताला कळेना लेक कुठली.

आणि तेवढ्यात बाळ रडलं.

सगळ्या बायका दचकल्या. पाळण्यातली पोर तर मुकी. रडणं येत होतं बाहेरून. परसातून. मोरीकडून. टँहॅं टँहॅं, भुकेल्या बाळाचं असतं तसं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सगळ्यांनी ऐकलं, पण मोरीत कोण उतरणार? आईसाहेब म्हणाल्या, मांजर असेल. लगेच सगळ्या म्हणाल्या, हो हो, मांजरच.

चिमा ओली बाळंतीण, तिच्या छातीला पान्हा फुटला. मांजराच्या रडण्यानं पान्हा फुटत नाही. तिनं पाळण्यातून लेक उचलली, खांद्यावर टाकली, आणि निघाली. न्हाणीतून, त्या एवढ्याशा दारानं, वाकून. उंबऱ्यावर पाय पडला तशा मागं बायका शहारल्या. ती मोरीच्या चिखलात गुडघाभर उतरली. केळीच्या बुडाशी तो जुना वरवंटा पडला होता. धुरपानं हात लावला म्हणून फेकलेला. तीन धुण्यांचं पाणी त्याच्यावर पडलं होतं.

तिनं त्याला हात लावला. ऊन होता. मऊ होता. खालीवर होत होता, झोपलेल्या बाळाचं पोट होतं तसा. रडत होता तोच.

तेव्हा चिमाच्या डोक्यात सगळं लख्ख झालं. विटाळ म्हणून जे धूत होते, तो जीव होता लेकीचा. धुरपानं चोळून भरलेला. तो दर धुण्याला आपण मोरीत सोडला. केळीला दिला, खोडाला दिला, दगडाला दिला. लेकीला तेवढा ठेवला नाही.

एका हातात लेक, एका हातात वरवंटा, अशी ती चिखलानं माखलेली निघाली वेशीकडं. मागून हाकाटी झाली, राणीला धरा, राणीला धरा. शिपाई धावले, आणि मागच्या दाराशी येऊन थांबले. त्या उंबऱ्यावर पाय कोण ठेवणार? मग सगळे उलटे फिरले, पुढच्या दारानं बाहेर पडले, आणि अख्ख्या गडाला वळसा घालून निघाले. तोवर राणी वेशीपार. हसू नका. असे मूर्ख आजही आहेत.

धुरपाच्या खोपटाची राख झाली होती. राखेशेजारी बाभळीखाली ती बसली होती. हातांवर एरंडाची पानं गुंडाळलेली. चिमा तिच्यापुढं चिखलासकट खाली बसली आणि म्हणाली, धुरपाआई, हिला हात लाव.

धुरपानं तिच्याकडं पाहिलं आणि मुंडी हलवली.

"हात मागायला आलीस? हात तुझ्या नवऱ्याच्या चुन्यात आहेत. तिकडं जा."

चिमा उठली नाही, लेक तशीच पुढं धरून राहिली.

"तू हात पुसले होतेस," धुरपा म्हणाली. "माझ्या मानेवरचे वळ गेले नव्हते अजून, तेवढ्यात पुसलेस. बाकीच्यांचं मला काही नाही. ते झोपेतच असतात. तू जागी होतीस."

"होते," चिमा म्हणाली.

बस. एवढंच म्हणाली. सासूनं शिकवलं, रीतच तशी, असलं काही म्हणाली नाही. होते.

वरवंटा चिमाच्या हातात रडत होता, आणि पोरीचे डोळे धुरपाकडं लागले होते. मग धुरपा म्हणाली, "मला काही औषध येत नाही. मी फक्त झेलते. आण इकडं. पण पानं तू सोडायचीस."

चिमानं एरंडाची पानं एकेक सोडली. आतलं दिसलं, पण तिनं मान वळवली नाही. उजवा तळवा होता, कातडं गेलेलं. डावा नुसता थोटा, बोटं नव्हती. धुरपानं उजवा हात वरवंट्यावर ठेवला आणि डावा थोटा पोरीच्या छातीवर. तिच्या तोंडून कण्हणं निघालं, पण हात उचलला नाही. मग काय झालं, वरवंट्याचं रडं हळूहळू बारीक झालं. आणि पोरीची मान हलली. मग छाती हलली. मग पोट. धुरपा थोटा खाली सरकवत गेली, जिथं सरकेल तिथला दगड मऊ होत गेला, मांड्या, गुडघे, उजवं पाऊल. डाव्या पावलाशी आली तेव्हा टाच राहिली. टाच तळव्यात धरावी लागते, बोटांनी वेढून. थोट्याला बोटं नव्हती, आणि उजवा हात वरवंट्यावरून उचलता येत नव्हता.

"तेवढी राहील आता," धुरपा म्हणाली. "ती मी नाही ठेवली. तुम्ही ठेवली."

पोर रडली. गाव दणाणेल असं रडली. आणि चिमानं तिला तिथंच, राखेत बसून पाजलं.

एवढ्यात वळसा घालून राजा पोचला. घोड्यावर. मागं आईसाहेबांची पालखी, पालखीत घंगाळ. राजानं लेकीचं रडणं ऐकलं आणि त्याचे डोळे भरून आले. पण घोडा त्यानं लांबच थांबवला. म्हणाला, लेक बरी झाली, देव पावला. आता चला, पुढच्या दाराशी पाणी ठेवलंय, दोघी आधी आंघोळ करा आणि मग आत या.

ऐकलंत? डोळ्यांनी बघून हे बोलला.

"धुऊनच दगड झाली ती," चिमा म्हणाली.

"दगड झाली विटाळानं. बरी झाली आपल्या पुण्याईनं."

धुरपा हसली. दात नव्हते तिला, नुसती हसली. म्हणाली, "राजा, सदऱ्यात हात घाल. बेंबी चाचप. तुझ्या आईनं तुला सात दिवस धुतलं, मला माहिताय. हात लावून बघ ती जागा कशी लागते."

राजानं हात घातला नाही. पण आता त्याला तिथं जाणवायला लागलं. सबंध आयुष्य त्याच्या अंगात कुठंतरी गारठा असायचा. थंडी नसतानाही शाल घ्यायचा तो. आणि पोटाच्या मधोमध मात्र एवढीशी ऊब, रुपयाएवढी. लहानपणी झोप येत नसली की तिथंच हात ठेवून झोपायचा. आता त्याचा हात आपोआप तिथं गेला, सगळ्या शिपायांसमोर. त्याला बघून एका शिपायाचा हात गेला. मग दुसऱ्याचा. तो पायाळू जन्मलेला होता ना, त्याची काठी खाली पडली.

राजानं माफी मागितली नाही. राजे लोक मागत नाहीत. पण घोड्यावरून खाली उतरला, आणि चालत आला, आणि चिखलानं माखलेली लेक हातात घेतली. धुरपानं त्याला माफ केलं का? नाही. कशाला करेल? तिनं पानं पुन्हा हातावर गुंडाळली आणि पाठ फिरवून बसली.

चिमा लेकीला घेऊन पुढच्या दारानं आत गेली, न धुता. पालखी आधीच परतली होती, दारात घंगाळापाशी आईसाहेब उभ्या होत्या. पोरीनं हात पुढं केला आणि आजीचं बोट पकडलं. आईसाहेब विरघळल्या. पोरीला छातीशी धरलं, मुके घेतले, रडल्या. सगळ्यांना वाटलं, झालं, सुटलं. मग त्यांनी पोरीला चिमाकडं दिलं आणि, सवय हो, जन्माची सवय, वळून घंगाळात हात बुडवले. स्वच्छ धुतले.

मनगटापर्यंत दगड झाले. कायमचे.

पुढं त्यांना दुसऱ्यांनी भरवावं लागायचं. पण घास पुढं आला की आधी विचारायच्या, तू कुणाची गं? उत्तर पटलं तरच तोंड उघडायच्या. नाही पटलं तर उपाशी निजायच्या. पुष्कळदा उपाशी निजल्या.

धुरपाला राजानं नवं घर बांधून दिलं, वेशीच्या आत. ती गेली नाही. बाभळीखालीच नवं खोपट घातलं तिनं. आता तिचे हात बाळंतपण करण्याजोगे राहिले नव्हते. मग तळकोटात बाया अडायला लागल्या. मग चिमा तिच्याकडं जाऊन बसायची, रोज, शिकायला. धुरपा शिव्या देऊन शिकवायची. आणि चिमाराणी सुईण झाली. गावभर बाळंतपणं करत फिरायला लागली.

आता यातली गंमत सांगते, आणि मग झोपायचं. तेच रक्त, तीच वार, तीच नाळ. काम तसूभर वेगळं नाही. पण हात राणीचा. मग लोक बाळाला धुवायला विसरले. पुढच्या दारानं या म्हणाले, पाटावर बसा म्हणाले, ओटी भरली. कुणाला विटाळ आठवला नाही. चिमानं घरोघर सांगितलं की हे हात धुरपाचे आहेत, मला तिनं दिलेत. लोक हो हो म्हणायचे. मान डोलवायचे. आणि वाटेत धुरपा दिसली की काही जण थांबायचे, आणि काही जण अजूनही बाजूला व्हायचे. सगळे सुधारले असं मी तुम्हाला सांगणार नाही. खोटं कशाला सांगू झोपायच्या वेळी?

ती मुलगी मोठी झाली. गुणाची झाली. चालायची तेव्हा डावी टाच वाजायची, टक, टक. राजवाड्यात कुणी कुणाला हिडीसफिडीस करत असलं, आणि जिन्यावर ती टक टक ऐकू आली, की बोलणारा आपोआप गप्प व्हायचा. तो जुना वरवंटा आजही तिथं प्रत्येक बारशाला पाळण्यात ठेवतात म्हणे. थोडा कोमट लागतो.

झालं. राणी सुखात, लेक सुखात, धुरपा तिच्या बाभळीखाली तिच्या मर्जीत. आता सगळ्यांनी हात गोधडीत घ्या. बेंबीवर ठेवा. लागली ऊब? ती गाठ कुणीतरी मारलेली आहे. कुणी, ते तुम्हाला माहीत नाही, आणि तिची जात तर मुळीच माहीत नाही. तरी इतकी वर्षं सुटली नाही ना?

मग हात तिथंच असू द्या, आणि निजा.